‘अ’, ‘ॲन’ की ‘द’? इंग्रजी उपपदांची वाट मराठीतूनच जाते

मुलाखतीत स्वतःची ओळख करून देताना आपल्याकडची हुशार मुलंसुद्धा म्हणून जातात, ‘माय फादर इज फार्मर.’ अर्थ पोचतो, पण इंग्रजी सरावलेल्या कानाला काहीतरी गळाल्यासारखं वाटतं. गळालेला असतो तो इवलासा ‘अ’: ‘माय फादर इज अ फार्मर.’ मग कुणी चूक दाखवली की भीतीनं उलटं होतं आणि जिथं नको तिथंही उपपद येऊन बसतं: ‘द लाइफ इन द मराठवाडा इज डिफिकल्ट.’ इथले दोन्ही ‘द’ काढून टाकायचे आहेत.

हा लेख बारावीनंतर इंग्रजीला पहिल्यांदा गंभीरपणे भिडणाऱ्यांसाठी आहे. तसाच तो तलाठी, ग्रामसेवक किंवा एमपीएससीची तयारी करणाऱ्यांसाठी आणि लेकरांचा अभ्यास घेणाऱ्या आई-वडिलांसाठीही आहे. गाईडमध्ये उपपदांचे वीस-पंचवीस नियम ओळीनं छापलेले असतात आणि मुलं ते तसेच पाठ करतात. माझ्या मते गडबड इथंच होते. नियम चुकीचे नसतात, पण आधी काय बघायचं आणि नंतर काय, हा क्रम कुणी सांगत नाही. तो क्रम एकदा बसला की बरेचसे नियम पाठ करावेच लागत नाहीत.

इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. त्याचा फायदा तिसऱ्या पायरीवर कळेल.

आधी आपल्या बोलण्याकडे बघा

मराठीत उपपद नाही, म्हणून मराठी माणसाला ते जमणं अवघड, असं म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. उपपद जे काम करतं ते काम आपण रोज करतो, फक्त वेगळ्या साधनांनी.

पाडव्याच्या आसपास गावात कुणी म्हणालं, ‘आम्ही सालगडी शोधतोय,’ तर तुम्हाला काय कळतं? कामाला कुणीतरी हवा आहे, कोणीही चालेल. आणि तोच माणूस म्हणाला, ‘आम्ही सालगड्याला शोधतोय,’ तर? आता सालगडी ठरलेला आहे, तुम्हालाही माहीत आहे, आणि तो सकाळपासून सापडत नाहीये. एका ‘ला’ प्रत्ययानं केवढा फरक पडला! इंग्रजीत पहिल्या वाक्याला ‘अ फार्महँड’ येईल, दुसऱ्याला ‘द फार्महँड’. ‘डॉक्टर शोधतोय’ आणि ‘डॉक्टरला शोधतोय’ यांतही हाच फरक आहे.

गोष्ट सांगतानाही तेच होतं. ‘एका गावात एक शेतकरी होता. त्या शेतकऱ्याकडे एक बैल होता. बैल फार गुणी होता.’ पहिल्यांदा आलं की ‘एक’. दुसऱ्यांदा ‘त्या’ किंवा नुसतंच नाम, कारण आता ऐकणाऱ्याला बैल ठाऊक झाला. इंग्रजीत पहिल्यांदा ‘अ’, नंतर ‘द’.

म्हणजे ‘ऐकणाऱ्याला ठाऊक आहे की नाही’ ही जाण आपल्याला लहानपणापासून आहे. इंग्रजी ती जाण प्रत्येक नामाला दाखवायला लावते, एवढंच नवीन.

पहिली पायरी: नाम मोजता येतं का?

वाक्यातलं प्रत्येक नाम पकडा आणि त्याला ‘एक, दोन, तीन’ लावून बघा. विहीर, बैल, अर्ज, परीक्षा मोजता येतात. पाणी, दूध, माती, कापूस इंग्रजीत मोजता येत नाहीत.

आता या लेखातला सर्वांत कडक नियम. मोजता येणारं नाम एकवचनी असेल तर इंग्रजीत ते मोकळं सोडता येत नाही. त्याच्या आधी ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांपैकी एक, नाहीतर ‘माय’, ‘धिस’, ‘एव्हरी’ असा शब्द हवाच. ‘आय हॅव बाइक’ चूक, ‘आय हॅव अ बाइक’ बरोबर. ‘शी इज गुड टीचर’ चूक, ‘शी इज अ गुड टीचर’ बरोबर. मधे विशेषण आलं तरी नियम सुटत नाही. आणि दोघं एकदम येत नाहीत: ‘अ माय फ्रेंड’ असं होत नाही, ‘माय फ्रेंड’ किंवा ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ म्हणायचं.

मराठी माणूस सर्वांत जास्त चुकतो तो इथं, आणि त्यातही व्यवसाय सांगताना. आपण ‘माझी आई अंगणवाडी सेविका आहे’ म्हणतो, ‘एक अंगणवाडी सेविका’ म्हणत नाही. त्यामुळे इंग्रजीतही ‘एक’ सुचत नाही. पण तिथं तो लागतोच: ‘माय मदर इज ॲन अंगणवाडी वर्कर.’ ‘माय ब्रदर इज अ कंडक्टर.’ ‘माय अंकल इज ॲन इलेक्ट्रिशियन.’ मुलाखतीला जाण्याआधी घरातल्या सगळ्यांचे व्यवसाय असे मोठ्यानं म्हणून ठेवा. एक सूट आहे: जे पद एकच असतं आणि त्यावर निवड किंवा नेमणूक होते, ते ‘इलेक्टेड’, ‘अपॉइंटेड’ यांच्यामागे मोकळं चालतं. ‘शी वॉज इलेक्टेड सरपंच.’

दुसरा सापळा उलट्या बाजूचा. मराठीत मोजले जाणारे काही शब्द इंग्रजीत मोजत नाहीत. आपण ‘एक सल्ला देतो’, ‘एक बातमी आहे’ म्हणतो. म्हणून ‘ॲन ॲडव्हाइस’, ‘अ न्यूज’ तोंडून जातं, आणि ते चूक आहे. ‘सम ॲडव्हाइस’ किंवा ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणा. ‘इन्फर्मेशन’, ‘लगेज’, ‘फर्निचर’, ‘होमवर्क’, ‘वर्क’ हे त्याच घरातले. या सात शब्दांना ‘अ’ किंवा ‘ॲन’ लावायचा नाही, एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं तरी पुष्कळ चुका टळतील.

दुसरी पायरी: ऐकणाऱ्याला कोणतं ते कळतंय का?

हा या विषयाचा गाभा आहे, इथं घाई करू नका. प्रश्न तुमच्याबद्दल नाही, समोरच्याबद्दल आहे. तुम्हाला ती वस्तू पक्की माहीत असेल, पण ऐकणाऱ्याला माहीत नसेल, तर ‘अ’. ‘आय बॉट अ बफेलो येस्टरडे.’ म्हैस तुमच्या दारात बांधलेली आहे, पण ऐकणाऱ्याला ती अजून नवीच आहे.

2016 च्या एप्रिलमध्ये दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, हे आपल्याकडे सगळ्यांना आठवतं. ती गोष्ट परमुलखातल्या माणसाला इंग्रजीत अशी सांगू: ‘इन एप्रिल 2016 अ ट्रेन ब्रॉट वॉटर टू लातूर. द ट्रेन केम फ्रॉम मिरज. द वॉटर वॉज फॉर द पीपल ऑफ द सिटी.’

एकेक नाम बघा. पहिली ‘ट्रेन’ ऐकणाऱ्याला नवी, म्हणून ‘अ’. दुसऱ्या वाक्यात तीच, म्हणून ‘द’. पहिलं ‘वॉटर’ मोजता येत नाही आणि नवं आहे, म्हणून काहीच नाही. पुढचं ‘वॉटर’ म्हणजे रेल्वेनं आलेलं तेच पाणी, म्हणून ‘द’. ‘पीपल’ कुठले? ‘ऑफ द सिटी’ म्हणून लगेच खुलासा केला, म्हणून ‘द’. आणि ‘सिटी’ हा शब्द तर पहिल्यांदाच आला, तरी ‘द’ का? लातूरचं नाव घेऊन झालं आहे, म्हणून कोणतं शहर ते ऐकणाऱ्याला कळतं. ‘दुसऱ्यांदा आलं की द’ हा नियम कधीकधी तोकडा पडतो. मुद्दा शब्द आधी येऊन गेला का हा नाही, वस्तू ओळखीची झाली का हा आहे.

ऐकणाऱ्याला ओळख पटण्याचे आणखी मार्ग आहेत. वस्तू दोघांच्या समोरच असते: ‘क्लोज द डोअर.’ जगात एकच असते: ‘द सन’, ‘द मून’. किंवा तुमच्या दोघांच्या जगात एकच असते. गावात बसून ‘द सरपंच’ म्हटलं की कोण ते सांगावं लागत नाही, जिल्ह्यात ‘द कलेक्टर’ म्हटलं की तसंच. किंवा तुम्ही पाठोपाठ खूण सांगता: ‘द वेल बिहाइंड अवर हाउस’, ‘द प्राइस ऑफ कॉटन’.

या शेवटच्या मार्गावर एक इशारा. ‘ऑफ’ दिसला की डोळे झाकून ‘द’ लावण्याची सवय अनेकांना क्लासमध्ये लागते. ‘अ बॅग ऑफ युरिया’ हे अगदी बरोबर आहे, कारण युरियाचं कोणतंही एक पोतं. तुम्ही ठरवून बाजूला ठेवलेलं पोतं असेल तरच ‘द बॅग’.

क्रम आणि पराकाष्ठा सांगणारे शब्द वस्तूला आपोआप एकटी पाडतात, म्हणून तिथं ‘द’ येतो: ‘द फर्स्ट’, ‘द लास्ट’, ‘द बेस्ट’, ‘द सेम’. ‘पैठण इज वन ऑफ द ओल्डेस्ट टाउन्स इन मराठवाडा.’ इथं ‘वन ऑफ’च्या मागून ‘द’ येतो आणि ‘टाउन्स’ अनेकवचनी राहतं, हे दोन्ही परीक्षेत हमखास विचारतात. मात्र आकडा नामाच्या नंतर आला की ‘द’ जातो. वेरूळच्या 34 लेण्यांपैकी कैलास लेणं सोळावं. ते ‘केव्ह सिक्स्टीन’ किंवा ‘द सिक्स्टींथ केव्ह’. तसंच ‘इन द टेंथ स्टँडर्ड’, पण ‘इन क्लास टेन’. फलाटाला ‘प्लॅटफॉर्म टू’, त्याआधी काही नाही.

तिसरी पायरी: ‘अ’ की ‘ॲन’?

‘ए, ई, आय, ओ, यू’ ही अक्षरं शोधा, असं शाळेत शिकवतात. ते विसरा. निर्णय उच्चारावर होतो, आणि उच्चार बघायला आपल्याकडे फार चांगलं साधन आहे: देवनागरी. शब्द मनात देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’.

‘युनिव्हर्सिटी’ य नं सुरू होते, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘अंब्रेला’ स्वरानं, म्हणून ‘ॲन अंब्रेला’. तास म्हणजे ‘अवर’, त्यातला एच गप्प, म्हणून ‘ॲन अवर’. तसंच ‘ॲन ऑनेस्ट ऑफिसर’. ‘वन’ व नं सुरू होतो, म्हणून ‘अ वन-रुपी कॉइन’. ‘द काऊ इज अ यूजफुल ॲनिमल’ हे निबंधातलं जुनं वाक्य याच नियमावर उभं आहे. मधे विशेषण आलं तर बघायचं ते विशेषणाचं पहिलं अक्षर: ‘अ फार्मर’, पण ‘ॲन ओल्ड फार्मर’.

संक्षेपांना हीच परीक्षा लावा. ‘ॲन एसटी बस’, ‘ॲन एलआयसी एजंट’, ‘ॲन एफआयआर’, ‘ॲन ओटीपी’, ‘ॲन एमएलए’, ‘ॲन एचएससी सर्टिफिकेट’. पण ‘अ यूपीएससी कँडिडेट’ आणि ‘अ यूपीआय पेमेंट’, कारण ‘यू’ हा य आहे.

इथं आपल्या भागाची एक अडचण आहे, ती पुस्तकात सापडत नाही. आपण ‘एक’ला ‘येक’ म्हणतो, आणि त्याच ओघात ‘एम’ला ‘यम’, ‘एल’ला ‘यल’, ‘एस’ला ‘येस’. मग ‘यमएलए’ला ‘अ’च बरोबर वाटतो. घरी बोलताना तसंच बोला, त्यात काही वावगं नाही. पण उपपद ठरवताना त्या अक्षराचा इंग्रजी उच्चार घ्यायचा, आणि तो ‘एम’, ‘एल’, ‘एस’ असा स्वरानंच सुरू होतो. उलट बाजूला ‘इयर’ फसवतो. आपण ‘न्यू इयर’ लिहितो, पण वर्षाचा खरा उच्चार ‘यिअर’कडे जातो, म्हणून ‘अ इयर’. कान या अर्थाचा ‘इअर’ मात्र स्वरानंच, तिथं ‘ॲन’.

‘द’चाही उच्चार याच कसोटीनं बदलतो. व्यंजनापुढे ‘द’, स्वरापुढे ‘दि’: ‘द बस’, ‘दि ऑफिस’. लिहिताना स्पेलिंग एकच. आणि बोलताना ‘अ’ला ताणून ‘ए’ करू नका. वाक्यात तो हलकाच हवा.

जिथं काहीच नको

सर्वसाधारण बोलत असाल, म्हणजे अमुक एक नव्हे तर सगळंच, तर अनेकवचनी आणि न मोजता येणाऱ्या नामांना उपपद लागत नाही. ‘कॉटन ग्रोज वेल इन ब्लॅक सॉइल.’ हा कुठलाही कापूस, कुठलीही काळी जमीन. पण ‘द कॉटन इन अवर फील्ड नीड्स वॉटर’ म्हटलं की तुमच्या वावरातला कापूस आला. ‘लाइफ’, ‘एज्युकेशन’, ‘सोसायटी’, ‘नेचर’ यांना भाषणात ‘द’ चिकटवण्याची आपल्याकडे फार हौस आहे. ‘एज्युकेशन चेंजेस लाइफ’ इतकं नितळ ठेवा. भाषेचं नावही मोकळं: ‘आय स्टडी इंग्लिश.’ ‘दि इंग्लिश’ म्हणजे इंग्रज लोक.

ठिकाणांचं जरा नाजूक आहे. लेकरू शिकायला जातं तेव्हा ‘ही गोज टू स्कूल’. तुम्ही सरांना भेटायला जाता तेव्हा ‘आय वेंट टू द स्कूल’, कारण आता ती इमारत आहे. ‘गो टू चर्च’ चालतं, पण ‘गो टू टेंपल’ चालत नाही. ‘गो टू द टेंपल’, ‘गो टू द मॉस्क’ म्हणायचं. तुळजापूरला गेलेल्या माणसानं ‘आय वेंट टू द टेंपल’च म्हणावं. ‘ऑफिस’ला भारतात सर्रास ‘गो टू ऑफिस’ म्हणतात, पण परीक्षेत ‘गो टू दि ऑफिस’ लिहा.

‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’, ‘ॲट होम’, ‘ॲट नाइट’ मोकळे. ‘इन द मॉर्निंग’ मात्र ‘द’सह. खेळ मोकळा, वाद्याला ‘द’: ‘प्ले क्रिकेट’, ‘प्ले द तबला’. याला तर्क लावत बसू नका, मोठ्यानं म्हणून जिभेवर बसवा.

नावं

माणूस, गाव, तालुका, जिल्हा, राज्य, बहुतेक देश मोकळे. मराठवाडाही मोकळा. नद्या, समुद्र आणि डोंगररांगा यांना ‘द’. एका वाक्यात सगळं बसतं: ‘द गोदावरी राइजेस निअर त्र्यंबकेश्वर, पासेस पैठण अँड नांदेड, अँड मीट्स द बे ऑफ बेंगाल.’ तशीच ‘द मांजरा’, आणि डोंगरांत ‘द बालाघाट रेंज’. विद्यापीठाच्या नावात ‘ऑफ’ असेल तर ‘द’: ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’. आपल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा युनिव्हर्सिटी’ला तो लागत नाही, कारण ते नाव माणसाच्या आणि प्रदेशाच्या नावानं सुरू होतं.

पदवी एकटी असेल तर ‘द’, जोडीला नाव आलं की गेला: ‘द निझाम’, ‘द कलेक्टर’, पण ‘क्वीन व्हिक्टोरिया’. तारखेचंही ध्यानात ठेवा. मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात ‘ऑन 17 सप्टेंबर 1948’ असं लिहा, किंवा ‘ऑन द सेव्हंटींथ ऑफ सप्टेंबर’. दोन्हींची खिचडी करू नका.

पाऊस आणि दर

दर सांगताना आपण ‘क्विंटलला’, ‘दिवसाला’ म्हणतो. तिथं इंग्रजीत ‘अ’ किंवा ‘ॲन’ येतो: ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज अ डे’, ‘सिक्स्टी किलोमीटर्स ॲन अवर’, ‘ट्वाइस अ वीक’.

‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांतला फरक आपल्याइतका कुणाला कळणार नाही. ‘देअर वॉज लिटल रेन इन जून’ म्हणजे जूनमध्ये पाऊस जवळजवळ झालाच नाही, पेरणीचं कठीण आहे. ‘देअर वॉज अ लिटल रेन इन जून’ म्हणजे थोडा का होईना, झाला. तिफण बाहेर काढायचा विचार करता येईल. मोजता येणाऱ्या नामांना हेच काम ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ करतात. ‘फ्यू’ म्हणजे नसल्यातच जमा, ‘अ फ्यू’ म्हणजे आहेत थोडेफार.

सराव कसा करायचा

इंग्रजी वर्तमानपत्रातली चार-पाच ओळींची बातमी घ्या. सगळे ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ पेन्सिलनं झाका आणि पुन्हा भरा. जिथं तुमचं आणि छापलेलं जुळत नाही तिथं लगेच स्वतःला चूक ठरवू नका. आधी विचारा, बातमीदारानं वाचकाला काय ठाऊक आहे असं धरलं असेल? बहुतेक वेळा उत्तर तिथं असतं. स्वतःची ओळख पानभर लिहून प्रत्येक नामाखाली रेघ ओढा आणि तिन्ही प्रश्न त्याच क्रमानं लावा.

आता हा उतारा भरा. काही जागा मोकळ्याच ठेवायच्या आहेत.

‘आय लिव्ह इन ___ व्हिलेज निअर परभणी. ___ व्हिलेज हॅज ___ ओल्ड टेंपल अँड ___ हायस्कूल. माय फादर ग्रोज ___ कॉटन. लास्ट इयर ___ रेन केम लेट अँड ___ क्रॉप वॉज पुअर. माय सिस्टर इज ___ एमपीएससी ॲस्पिरंट. शी स्टडीज एट अवर्स ___ डे. शी वॉज ___ फर्स्ट गर्ल इन अवर फॅमिली टू गो टू ___ कॉलेज.’

उत्तरं अशी: अ, द, ॲन, अ, मोकळी, द, द, ॲन, अ, द, मोकळी.

‘ओल्ड’ स्वरानं सुरू होतो म्हणून ‘ॲन’, ‘हायस्कूल’ ह नं म्हणून ‘अ’. ‘एमपीएससी’ला ‘ॲन’ लिहिताना ‘यम’ मनात आला असेल तर तिसरी पायरी पुन्हा वाचा. ‘रेन’ पहिल्यांदाच आला तरी ‘द’, कारण ज्याची सगळं शिवार वाट बघत होतं तोच हा पाऊस. इथं मोकळी जागा ठेवली तरी चूक नाही, फक्त तो ओळखीचा भाव जातो. ‘क्रॉप’ला ‘द’, कारण कापसाचं नाव आधीच येऊन गेलं. शेवटच्या ‘कॉलेज’ला काही नाही, कारण बहीण शिकायला गेली. तिला डबा द्यायला भाऊ गेला असता तर त्याच्या वाक्यात ‘द कॉलेज’ आलं असतं.